पहिल्या संध्याकाळी दार कुणी उघडायचं?

(बचत गटांच्या तालुका मेळाव्यात एका गटाच्या सदस्येनं केलेलं हे भाषण. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. – संपादक मंडळ)



माझ्या आधीच्या ताई बँकेच्या कर्जावर बोलल्या. मी कोंबड्यांवर बोलणार आहे. हसा, आमच्या गावातही हसले होते. "एवढ्या मोर्च्याला जाऊन आल्या आणि शेवटी कोंबड्याच पाळल्या ना," असं एकानं चावडीवर म्हटलं होतं.

अनुभव सांगा म्हटलं की यशाची गोष्ट सांगायची, अशी आपल्याकडे पद्धत पडली आहे. मी जरा वेगळं सांगते. मागच्या वर्षी दिवाळीनंतर आमच्या गटातल्या नऊजणींनी प्रत्येकी दहा तलंगा घेतल्या. सुधारित जातीच्या, सात आठवड्यांच्या. तलंगा आणि खुराडं मिळून प्रत्येकीच्या नावावर गटाचं साडेतीन हजारांचं कर्ज. पुढे सत्तावीस दिवस नऊ घरांत नव्वद कोंबड्या होत्या आणि एकीनंही खुराड्याचं दार उघडलं नव्हतं. त्या सत्तावीस दिवसांत काय झालं आणि अठ्ठाविसाव्या दिवशी काय केलं, एवढंच मला सांगायचं आहे.

पहिले आठ-दहा दिवस कोंडून ठेवणं बरोबरच होतं. नव्या कोंबडीला आपलं घर कुठलं ते कळायला लागतं. आल्या आल्या सोडली तर ती परत येत नाही, जिथं अंधार पडेल तिथं बसते आणि रात्री मांजराच्या तोंडी जाते. शिवाय घरात आधीची गावरान कोंबडी असेल तर नवी आणि जुनी निदान दोन आठवडे वेगळी ठेवायची, म्हणजे एकीचा रोग दुसरीला लागत नाही. आणि आठव्या आठवड्यात मानमोडीची लस टोचून घ्यायची होती. मानमोडी म्हणजे डॉक्टर ज्याला राणीखेत म्हणतात तो रोग. तो आला की वाडीच्या वाडी साफ होते.

ही लस आम्हाला पहिला धडा देऊन गेली. तिची बाटली मोठी येते, शंभर मात्रांची. ती बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते. दहा कोंबड्यांसाठी कोण बाटली फोडणार? म्हणून आम्ही एकच दिवस ठरवला, बर्फाचा डबा घेऊन दोघी तालुक्याला गेल्या आणि सकाळी ऊन चढायच्या आत नव्वद कोंबड्या टोचून झाल्या. एकटीला जे परवडत नाही ते नऊजणींना परवडतं, हे आपण सभेत बोलतो. त्या दिवशी ते हाताला कळलं.

पण लस टोचून आठवडा झाला, दोन आठवडे झाले, तरी दार काही उघडेना. एकीला विचारलं तर म्हणाली, घार फिरतेय. दुसरी म्हणाली, शेजारचं कुत्रं सुटं आहे. तिसरी म्हणाली, सोमवारी सोडते. माझंही तेच. कारणं खोटी नव्हती. ही तलंगं दिव्याच्या उबेत वाढलेली. गावरान पिल्लाला आई असते, ती घार दिसली की ओरडते आणि पिल्लं झुडपाखाली पळतात. यांना ते कुणी शिकवलेलंच नाही. अंगानं जड, त्यामुळे झाडावरही उडून बसता येत नाही.

एका बैठकीत मात्र खरं कारण बाहेर आलं. आमच्यातली एक सून, लग्नाला चार वर्षं झालेली, म्हणाली, "मला घारीची भीती नाही. एक जरी गेली तर घरात काय ऐकावं लागेल त्याची भीती आहे." सगळ्या गप्प झाल्या. कारण प्रत्येकीच्या घरात ते वाक्य आधीच बोलून झालं होतं. माझ्या घरात माझे यजमान म्हणाले होते, "बघू किती दिवस टिकतात." शेतात पाऊस पडला नाही, पीक गेलं, तर ते नशीब. बाईच्या नावावरची कोंबडी गेली तर तो बाईचा हलगर्जीपणा. पुढच्या वेळी ती कर्ज मागायला तोंड उघडणार नाही, असा त्याचा हिशोब होतो.

मग आम्ही काय करत होतो? दार बंद ठेवत होतो आणि त्याची किंमत स्वतःच मोजत होतो. दहा कोंबड्यांना दिवसाला पाऊण किलो खाद्य. ते विकत आणायचं. रोज पाणी, रोज विष्ठा काढणं, घास कापून आणणं. परसात कोंबडी आपली आपण वाळवी, किडे, पडलेले दाणे टिपते, तिला सकाळ-संध्याकाळ मूठभर कणी पुरते. कोंडली की तिचं सगळं आपल्या अंगावर. वर जागा कमी पडल्यानं त्या एकमेकींची पिसं ओढायला लागल्या, दोन-तीन घरांत रक्त निघालं. म्हणजे धोका टाळायला म्हणून दार बंद केलं आणि आत दुसरा धोका वाढवून ठेवला. बाईचं काम तर दुप्पट झालं.

इथं काही मैत्रिणी म्हणतील, बाईचंही असंच आहे, तिलाही कोंडून ठेवलं जातं. आमच्या बैठकीतही एकीनं हे म्हटलं. तेव्हा आमच्या ठाकरवाडीतल्या आत्याबाई, वय सत्तरीच्या पुढे, चटकन म्हणाल्या, "कोंबडीला संध्याकाळी मोजून आत घ्यावं लागतं गं. बाईला कुणी मोजून आत घेऊ नये." म्हणून मी ती उपमा वापरत नाही. कोंबडी ती कोंबडी. माझा प्रश्न तिच्या मालकिणीचा आहे. दार उघडायचा निर्णय तिनं घ्यायचा, आणि तो चुकला तर तिच्या मागं कोण उभं राहणार?

आत्याबाईंनीच मग रीत सांगितली. त्यांचा जन्म कोंबड्यांत गेला आहे, पण प्रशिक्षणाच्या यादीत त्यांचं नाव कधी आलं नव्हतं. त्यांनी सांगितलं ते असं.

सोडायच्या आधी चार-पाच दिवस खुराड्याच्या जाळीतून परस दिसला पाहिजे. गोणपाट बांधलं असेल तर काढा. रोज त्याच वेळी, त्याच जागी, त्याच आवाजात दाणा टाका. जर्मनच्या ताटलीवर चमच्यानं वाजवा. ताटली वाजली की दाणा, हे त्यांच्या डोक्यात बसलं पाहिजे. सोडायच्या दिवशी दुपारचा दाणा देऊ नका, पाणी द्या. सूर्य बुडायला तासभर असताना दार उघडा. सकाळी उघडलं तर दिवसभर भटकून लांब जातात. संध्याकाळी पोट रिकामं असतं आणि अंधाराची ओढ असते, त्यामुळे लांब जात नाहीत. हाकलून बाहेर काढू नका, आपल्या आपण येऊ द्या. कुत्रं बांधा. पोरांना मागे धावू देऊ नका. अंधार पडायच्या आत ताटली वाजवा, दाणा खुराड्याच्या आत टाका, मोजा, दार लावा. असं तीन-चार संध्याकाळी केलं की मग वेळ वाढवत न्या. परसात झुडूप नसेल तर तुरकाट्यांचा एक मांडव टेका, घार आली तर लपायला जागा होते.

आणि शेवटचं त्या म्हणाल्या, पहिल्या संध्याकाळी एकटीनं बसू नका.

म्हणून आम्ही ठरवलं, नऊ घरं, नऊ संध्याकाळी. रोज एका घरचं दार उघडायचं आणि नऊजणींनी तिथं जाऊन बसायचं. कोपऱ्याकोपऱ्यावर एकेक, हातात काठी. पहिली संध्याकाळ त्या सुनेच्या घरची. तिनं दार उघडलं. पाच मिनिटं एकही बाहेर आली नाही. मग एक आली, उंबऱ्यावर थांबली, मान वाकडी करून वर आभाळाकडे बघितलं आणि उडी मारली. मागून बाकीच्या. मातीत पाय खुरडायला कुणी शिकवलं नव्हतं, पण लगेच सुरू झाल्या. एक धुळीत लोळायला लागली. ती मेली असं वाटून आम्ही दोघी धावलो. आत्याबाई हसल्या, "अंघोळ करतेय." तासाभरानं ताटली वाजवली. नऊ आत आल्या. दहावी चुलीच्या लाकडांखाली सापडली. त्या दिवशी त्या घराच्या परसात नऊ बाया काम न करता तासभर बसल्या होत्या, आणि सासूबाईंनी आम्हाला चहा केला.

चहाचं सांगायचं म्हणजे, आमच्या गटात गावठाणातल्या चौघी, ठाकरवाडीतल्या तिघी आणि बौद्धवाडीतल्या दोघी. गटाची बैठक शाळेत व्हायची, त्यामुळे कुणी कुणाच्या परसात बसायची वेळ आली नव्हती. चौथी संध्याकाळ बौद्धवाडीतली होती. तिथं चहा आला तेव्हा एकीनं "आत्ताच घेतला" असं सांगून कप खाली ठेवला. ती बाई मीच होते. घरी जाऊन मला झोप लागली नाही. सहाव्या संध्याकाळी दुसऱ्या मैत्रिणीच्या परसात, बौद्धवाडीतच, मी चहा मागून घेतला. तिनं दिला. बोलली काही नाही. दोन दिवसांपूर्वीचं ती विसरली असेल असं मी मानत नाही.

आता नुकसानीचं. आठव्या संध्याकाळी आम्ही आठव्या घरी बसलो असताना पहिल्या घरी, त्या सुनेकडे, मुंगसानं एक तलंग नेली. ज्याची भीती होती तेच झालं. नवरा म्हणाला, "तुमच्या गटानं बुडवलं." आम्ही त्याच रात्री नऊजणी तिच्या घरी गेलो. भांडायला नाही. गटाची वही घेऊन गेलो आणि सगळ्यांसमोर लिहिलं, एक तलंग गेली, नुकसान गटाचं. प्रत्येकीनं महिन्याला दहा रुपये नुकसानीच्या खात्यात टाकायचे असं तिथंच ठरलं. तिच्या सासूबाई म्हणाल्या, "माझेही दहा घ्या." दुसऱ्या दिवशी त्या सुनेनं दार पुन्हा उघडलं. मला वाटतं, आमच्या गटाचं काही यश असेल तर ते हे दुसऱ्या दिवशीचं दार.

पाच महिन्यांत नव्वदातल्या अकरा गेल्या. चार घारीनं, तीन मुंगसानं, दोन कुत्र्यानं, दोन आजारानं. मानमोडीनं एकही नाही. शिमग्यानंतर अंडी सुरू झाली.

सगळं जमलं असं मात्र समजू नका. आमच्यातली एक परित्यक्ता, भावाच्या घरी राहते. तिच्या पाळीला भाऊ दारात उभा राहिला, म्हणाला, "परस माझा आहे, घाण नको." तिच्या कोंबड्या आज माझ्या परसात आहेत. हे काही उत्तर नव्हे. हिंदू वारसा कायद्याची दुरुस्ती महाराष्ट्रात १९९४ साली झाली, देशात २००५ साली झाली, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतका हक्क मिळाला. घर वडिलांचं, म्हणजे परसात तिचाही वाटा आहे. पण तो मागितला तर माहेर तुटतं, आणि तिला दुसरं घर नाही. आम्ही तिच्याबरोबर ग्रामपंचायतीत जाऊन घराचा उतारा काढला आहे. पुढचं पाऊल कधी टाकायचं ते ती ठरवेल. आम्ही घाई करणार नाही, आणि विसरणारही नाही.

२०१९ च्या पशुगणनेत देशात कोंबड्या-बदकं मिळून ८५ कोटी पक्षी मोजले. त्यांतले ३१ कोटींहून जास्त परसातले, आणि २०१२ च्या मानानं हे परसातले पक्षी सुमारे ४६ टक्क्यांनी वाढले. पक्षी मोजले, चांगलं झालं. त्यांना दाणा टाकणाऱ्या बाईचं काम मात्र अजून घरात 'काम' म्हणून मोजलं जात नाही.

जाताना तीन गोष्टी सांगते, ज्या आम्ही वहीत लिहून सह्या केल्या आहेत. पहिली, पाहुणा आला, जावई आला, साहेब आला, तरी मालकिणीला विचारल्याशिवाय कोंबडी कापायची नाही. दुसरी, अंडी विकून आलेला पैसा तिच्या हातात, आणि विकण्याआधी घरातल्या मुलीच्या ताटात अंडं. आजवर ते मुलाच्या ताटात जात होतं, वाढणाऱ्या आपणच होतो. तिसरी, नुकसान झालं तर पहिला प्रश्न "कसं काय गेली?" असा विचारायचा नाही. "आता काय करायचं?" असा विचारायचा.

तुमच्या गटात कुणी नव्या कोंबड्या घेतल्या असतील आणि दार बंद असेल, तर तिला भित्री म्हणू नका. संध्याकाळी तिच्या परसात जाऊन बसा. ताटली घेऊन जा.