चावीचं घड्याळ

जुन्या वस्तूंनी घर सजवायची आता शहरात हौस आहे. आमच्या रिठदच्या घरात एक जुनी वस्तू सजावटीला नाही, रोज चालते. अब्बांचं एचएमटी ‘जनता’ घड्याळ. १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या साहाय्यानं एचएमटीनं बंगळूरला घड्याळं बनवायला घेतली; २०१६ मध्ये सरकारनं तो व्यवसाय बंद करायचं ठरवलं.

याला सेल लागत नाही. फजरच्या नमाजनंतर अब्बा चावी द्यायचे. ते गेले, त्या दिवशी चावी राहिली. दुसऱ्या दिवशी काटे थांबलेले. तेव्हापासून चावी मी देतो.

मुलगा म्हणतो, ‘‘मोबाईलवर वेळ दिसते की!’’

दिसते, बेटा. पण या घड्याळाला रोज कुणाचा तरी हात लागतो. माझ्यानंतर तुझा लागेल ना?