शिक्षकाला बळ, मुलांना बळ

आज ओळख करून घेऊ एका शिक्षिकेची.
नाव, सेप्टिमा क्लार्क.
गाव, अमेरिकेतलं चार्ल्स्टन.

1916 साली त्या जवळच्या जॉन्स बेटावर शिकवू लागल्या.
कारण, शहरातल्या सरकारी शाळा कृष्णवर्णीय शिक्षकांना घेत नसत.

बेटावरच्या त्यांच्या शाळेत मुलं शंभरावर.
शिक्षिका दोनच.
जवळच्या गोऱ्या मुलांच्या शाळेत मुलं अगदी मोजकी.
तिथल्या शिक्षिकेचा पगार मात्र कितीतरी जास्त.

सेप्टिमाबाईंनी एक गोष्ट ओळखली.
शिक्षकाला बळ मिळालं, तर मुलांना बळ मिळतं.

मग त्या चार्ल्स्टनमध्ये दारोदार फिरल्या.
शहरातल्या शाळांत कृष्णवर्णीय शिक्षक हवेत, म्हणून लोकांच्या सह्या गोळा केल्या.
1920 साली शहरातल्या शाळांची दारं कृष्णवर्णीय शिक्षकांना उघडली.

पुढे कोलंबिया शहरात समान पगारासाठी खटला उभा राहिला.
त्यालाही त्यांनी साथ दिली.
1945 साली तो खटला जिंकला.

1956 मध्ये त्यांच्या राज्याने नवा कायदा केला.
नागरी हक्कांच्या संघटनेत राहायचं, तर सरकारी नोकरी नाही.

बाईंनी संघटना सोडली नाही.
नोकरी गेली.
निवृत्तिवेतनही गेलं.
शिकवणं मात्र थांबलं नाही.

प्रौढांसाठी त्यांनी नागरिकत्व शाळा उभ्या केल्या.
तिथे माणसं लिहायला-वाचायला शिकली.
मतदार म्हणून नाव नोंदवू लागली.

श्रोतेहो, पुन्हा सांगते.
शिक्षकाला बळ मिळालं, तर मुलांना बळ मिळतं.

आपल्या गावच्या शाळेत मुलं किती, हे आपण विचारतो.
शिक्षक किती, आणि त्यांना काय हवं, हेही जरूर विचारा.