अठराव्या वर्षानंतर काय?

(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी व्यवसायाने कापड व्यापारी. वाणिज्य शाखेची पदवी घेतली आणि वडिलांच्या गादीवर येऊन बसलो, तो आजतागायत तेथेच आहे. वक्तृत्व हा माझा प्रांत नव्हे. तरीही सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी कार्यकारिणीने मला दोन शब्द बोलण्याची संधी दिली, याबद्दल मी ऋणी आहे. गेल्या पन्नास वर्षांतील कार्याचा गौरव इतर वक्त्यांनी यथोचित केलेला आहे. मी मात्र आपणा सर्वांच्या घराघरांत असलेल्या, परंतु सभेत क्वचितच उच्चारल्या जाणाऱ्या एका विषयाकडे लक्ष वेधू इच्छितो. तो विषय म्हणजे बौद्धिकदृष्ट्या वेगळ्या असलेल्या आपल्या तरुण मुलामुलींचे व्यवसाय प्रशिक्षण.

हा विषय मी पुस्तकातून घेतलेला नाही. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा असाच आहे. त्याला विचारूनच मी हे बोलत आहे. तो येथे तिसऱ्या रांगेत बसलेला आहे. लहानपणी एका शाळेने पहिलीच्या वर्षअखेरीस त्याचा दाखला आमच्या हाती ठेवला. पुढे शहरातील एका विशेष शाळेत तो शिकला. अक्षरओळख जेमतेम झाली. परंतु आंघोळ, कपडे, जेवण ही स्वतःची कामे तो नीटनेटकी करू लागला. अठरावे वर्ष सरले, शाळा संपली आणि तो घरी बसला. ते बसणे थोडेथोडके नव्हे, तब्बल सोळा वर्षांचे होते. आम्ही त्याला उत्तम जेवू घातले, सणाला नवे कपडे केले. लग्नकार्यात मात्र तो आतल्या खोलीत असे. यात दुष्टावा नव्हता, पण संकोच होता आणि त्या संकोचाचा वाटेकरी मीही होतो, हे आज सर्वांसमक्ष कबूल करतो.

बंधू गेले. त्यानंतर वहिनी आजारी पडल्या. शेवटच्या दिवसांत त्या मला म्हणाल्या, "भावजी, माझ्यामागे तुम्ही त्याला उपाशी ठेवणार नाही, याची मला खात्री आहे. पण दिवसभर तो करील काय?" माझ्यापाशी उत्तर नव्हते. चाळीस वर्षे हिशेब लिहिणाऱ्या माणसाला एका माउलीने विचारलेला तो साधा हिशेब जमला नाही.

वहिनींच्या पश्चात मी त्याला दुकानात नेऊ लागलो. पहिला महिना संपूर्ण वाया गेला. मी सांगे, "ते टॉवेल लावून ठेव." तो टॉवेल हाती धरून उभा राही. लग्नसराईची गर्दी, त्यात मी रागावे आणि तो कोपऱ्यात जाऊन बसे. एके दिवशी खरेदीला आलेल्या एका विशेष शिक्षिकेने हा प्रकार पाहिला. त्या मला म्हणाल्या, "शेठजी, आपण त्याला एक काम सांगितले असे आपणास वाटते, प्रत्यक्षात आपण त्याला सात कामे एकदम सांगितली." त्यांनी ती सात कामे मोजून दाखवली. टॉवेल पसरणे, कोपरे जुळवणे, पहिली घडी, हाताने दाबणे, दुसरी घडी, किमतीची चिठ्ठी वर येईल असे ठेवणे, मग गठ्ठ्यावर रचणे. एक पायरी पक्की झाल्याखेरीज दुसरी शिकवायची नाही, हा त्यांचा नियम. त्याला मोजता येत नव्हते, म्हणून बारा खणांचा एक लाकडी खोका करून घेतला. बारा खण भरले की रुमालांचा डझन पूर्ण! मोजणी त्याच्या डोक्यात शिरेना, तर ती आम्ही खोक्यात बसवली. घडीचे काम अंगवळणी पडण्यास तीन महिने लागले. आज त्याने रचलेला गठ्ठा मला पुन्हा उघडून पाहावा लागत नाही. ही गोष्ट मी दुकानातील प्रत्येकाबद्दल सांगू शकणार नाही.

मित्रहो, ही पद्धत वाळूजला नवी आहे काय? १९८५ साली येथे बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि त्यामागोमाग सुटे भाग बनवणारे लहानमोठे कारखाने उभे राहिले, तो काळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलेला आहे. बीड, जालना, परभणीकडून आलेल्या शेतकऱ्यांच्या मुलांनी पूर्वी यंत्राला हातही लावलेला नव्हता. कारखान्याने त्यांना संपूर्ण स्कूटर जोडायला शिकवली नाही. एकेका माणसाला एकेक काम नेमून दिले आणि ते हातात बसेपर्यंत करवून घेतले. ज्या पद्धतीवर आपली ही वसाहत उभी राहिली, तीच पद्धत आपण आपल्या घरातील लेकरासाठी वापरली नाही, एवढेच आपले चुकले.

या कार्याची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. मुंबईतील जय वकील शाळेची सुरुवात १९४४ साली एका दांपत्याने जय या आपल्या मुलीच्या निमित्ताने केली. पुण्यात सिंधूताई जोशी यांनी १९६४ साली कामायनी ही संस्था सुरू केली. तेथे शाळेच्या जोडीला उद्योग केंद्रही चालते. बदलापूरची 'आधार' ही संस्था तर पालकांनीच एकत्र येऊन प्रौढ मुलांसाठी उभारली. आपल्या शहरातही नवजीवन, विहंग, आरंभ यांसारख्या संस्था विशेष मुलांसाठी काम करीत आहेत. त्या सर्वांना मी वंदन करतो. परंतु आपली अडचण अंतराची आहे. वाळूजहून शहर पंधरा-सतरा किलोमीटर. मुलाला घेऊन जाणारी आई दिवसभर तेथेच बसून राहते, मग घर कोणी पाहावे? अशा कितीतरी मातांनी काही महिन्यांतच ते जाणे सोडून दिले आहे.

कायद्याची बाजूही थोडक्यात सांगतो, कारण अनेक कुटुंबांना ती ठाऊक नसते. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ते एकवीस झाले. त्यात बौद्धिक दिव्यांगतेबरोबरच स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांचाही समावेश आहे. येथे एक भेद लक्षात घ्यावा. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलाची बुद्धी चांगली असते, केवळ वाचन, लेखन वा गणितात त्याची गाडी अडते. त्याला आणि माझ्या पुतण्याला एकाच मापाने मोजणे दोघांवरही अन्यायकारक होईल. शासकीय नोकऱ्यांत याच कायद्याने चार टक्के आरक्षण ठेवले आहे. मात्र त्यासाठी किमान चाळीस टक्के दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र लागते. बौद्धिक दिव्यांग मुलगा अठरा वर्षांचा झाला की आईवडील आपोआप त्याचे कायदेशीर पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावे लागते. हे काम आईवडील हयात असतानाच करावे, ही माझी हात जोडून विनंती आहे. आम्ही उशीर केला आणि त्याचा त्रास त्या मुलाला झाला.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सुवर्णमहोत्सवी निधीतून सभागृहावर आणखी एक मजला चढवावा, असा प्रस्ताव आहे. मी त्याचा विरोधक नाही. परंतु तत्पूर्वी आपल्या इमारतीतील मागील दोन खोल्या दोन वर्षांसाठी अशा प्रशिक्षणास द्याव्यात, अशी माझी नम्र सूचना आहे. एक प्रशिक्षित विशेष शिक्षक, एक मदतनीस आणि आरंभी आठ-दहा तरुण. समाजाचे बंधन नको. वाळूज, पंढरपूर, रांजणगाव, बजाजनगर, कोठूनही येवोत. कागदी पिशव्या, मसाल्याची पाकिटे, कापडाच्या घड्या, सुट्या भागांची निवड आणि पॅकिंग, अशी या परिसरात खपणारी कामे निवडावीत. जे विकले जात नाही, ते शिकवणे म्हणजे मुलांना केवळ गुंतवून ठेवणे होय. २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार मोठ्या कंपन्यांना नफ्याच्या दोन टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करावी लागते आणि त्या कार्यांच्या यादीत विशेष शिक्षण व दिव्यांगांचे व्यवसाय कौशल्य स्पष्टपणे नमूद आहे. कारखाने आपल्या दाराशी आहेत. आपण रीतसर प्रस्ताव घेऊन गेले पाहिजे.

व्यापारी बंधूंना तीन गोष्टी सांगतो. पहिली, दयेपोटी कामावर ठेवू नका. त्याला जमेल असे एक काम आपल्या दुकानात शोधा. दुसरी, कामाचे दाम द्या, ते बक्षिसी म्हणून नव्हे. तिसरी, जमले नाही तर मुलाला दोष देण्यापूर्वी आपण कसे शिकवले ते तपासा. सर्वांनाच दुकानात वा कारखान्यात काम जमेल, असे मी म्हणणार नाही. माझ्या परिचयातील एका मुलाला यंत्राचा आवाज सोसवला नाही, त्याला परत घरी यावे लागले. त्याच्यासाठीच त्या दोन खोल्या हव्या आहेत.

अखेरीस एक छोटा प्रसंग सांगून थांबतो. पहिला पगार हाती पडला, त्या दिवशी दुपारी चहावाला नेहमीप्रमाणे आला. मी गल्ल्यात हात घातला, तोच माझ्या पुतण्याने मला अडवले. त्याने सर्वांच्या चहाचे पैसे दिले, उरलेले परत घेतले आणि पुन्हा आपल्या कामाला लागला. कोणी काही बोलले नाही. त्या क्षणी वहिनींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर मला मिळाले. उरलेले अर्धे उत्तर देणे मला एकट्याला शक्य नाही. ते या सभागृहात बसलेल्या आपणा सर्वांच्या हाती आहे.