बाबा, रोलर आणि गायतोंडे

मनीषनगरातून बोलतोय, मागे मालगाडीचा आवाज आला तर सांभाळून घ्या.

बाबांसोबत लग्नाला मुंबईला गेलो होतो. परतीची विदर्भ एक्स्प्रेस संध्याकाळी, दिवस मोकळा. गेटवे बघून झालं, ऊन मी म्हणत होतं. रीगलच्या चौकात नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टची पाटी दिसली. खरं सांगू? आत थंड असेल म्हणून शिरलो. इमारत 1911 ची, सर कावसजी जहांगीर हॉल. पूर्वी इथे सभा, मैफली व्हायच्या. 1996 पासून चित्रं आहेत.

पहिले दोन मजले आम्ही दहा मिनिटांत उरकले. समजत काहीच नव्हतं, पण मान हलवत होतो. तुम्हीपण हलवता ना?

वर एका चित्रासमोर बाबा थांबले. ना माणूस, ना झाड, नुसता रंग. पाटीवर नाव, वासुदेव गायतोंडे. मी फोनवर शोधलं आणि चाटच पडलो. जन्म 1924, नागपूर! आपल्या गावचा माणूस, 2014 मध्ये न्यूयॉर्कच्या गुगनहाइममध्ये त्याचं मोठं प्रदर्शन लागलं, आणि मला नावही माहीत नव्हतं.

तेवढ्यात बाबा म्हणाले, "हे ब्रशचं काम नाही रे. रोलर फिरवलाय. आणि इथे पत्तीनं खरडलंय, बघ."

इथे एक सांगायला हवं. बाबा रंगकाम करतात. मनीषनगर-बेसा भागात किती फ्लॅट रंगवले, त्यांनाही आठवत नाही. कॉलेजात मी मात्र "बाबा कॉन्ट्रॅक्टर आहेत" एवढंच सांगायचो.

पुन्हा शोधलं. गायतोंडे खरंच रोलर आणि पॅलेट नाइफ वापरायचे. थरावर थर चढवायचे, मग काढायचे. बाबांना वाचून दाखवलं तर ते फक्त "हं" म्हणाले आणि वाकून खालचा थर बघत बसले. मग मीही बघितलं. पंधरा-वीस मिनिटं असतील. आधी सपाट वाटलेल्या रंगात खालून दुसरा रंग दिसायला लागला. बाबा दाखवत होते, मी बघत होतो. वरचा मजला राहूनच गेला.

गाडीत मी सांगितलं, "बाबा, ते वर्षाला पाच-सहाच चित्रं करायचे म्हणे."

बाबा जरा वेळ गप्प. मग म्हणाले, "पाच-सहा? मग घर कसं चालवलं असंल बे त्यानं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. बडनेऱ्यापर्यंत ते हाच हिशेब लावत होते.

जाणार असाल तर सोमवार सोडून जा, त्या दिवशी बंद असतं.