कावीळ उतरते आणि परत येते

मागच्या खेपेला एका ताईंनी विचारलं होतं, "कावीळ उतरते आणि परत येते, असं का?" त्याचं एक कारण आमच्याच घरातलं सांगते.

माझ्या जावेची मुलगी सात वर्षांची. पोट दुखलं की आम्ही जंताचं औषध द्यायचो. दोनदा डोळे पिवळे झाले, दोनदा काविळीची माळ घातली. उतरली की विसरलो. तिसऱ्यांदा शी पांढुरकी झाली, तेव्हा कुठे सोनोग्राफी केली. यकृतातून आतड्यात पित्त नेणारी नळी फुगून पिशवीसारखी झाली होती. हा दोष जन्मापासूनचा, मुलांपेक्षा मुलींत जास्त. गोळ्यांनी जात नाही. पित्त तुंबतं, खडे होतात, स्वादुपिंडाला सूज येते आणि मोठेपणी तिथे कर्करोगाचा धोका असतो. म्हणून ती पिशवी पित्ताशयासकट काढतात आणि आतड्याचा भाग वर घेऊन यकृताकडच्या नळीला जोडतात. पूर्वी पिशवी आत ठेवूनच आतड्याला जोडत. कुणाचं तसं जुनं ऑपरेशन असेल तर कागद घेऊन पुन्हा दाखवा.

'रोबोट' ऐकून सासूबाई म्हणाल्या, "यंत्राच्या हवाली लेकरू करायचं?" तसं नसतं. यंत्र आपणहून काही करत नाही, डॉक्टरच ते चालवतात. बारीक छिद्रांतून गेलेली अवजारं मनगटासारखी वळतात, खोल जागी टाके घालायला सोपं जातं. पोट उघडण्यापेक्षा रक्त कमी जातं, दवाखान्यातले दिवस बहुधा कमी लागतात. पण ऑपरेशनला वेळ जास्त आणि खर्चही जास्त. पित्त झिरपणं, पुढे जोड आवळणं, हे मात्र कुठल्याही पद्धतीत होऊ शकतं.

रोबोट लांबच्या शहरात, आणि पैसा तेवढा नव्हता. आम्ही डॉक्टरांना एवढंच विचारलं, "अशी किती ऑपरेशनं केलीत? पिशवी पूर्ण निघेल ना?" उत्तर पटलं, पोट उघडूनच केलं. (योजनेत काय बसतं ते आरोग्यमित्राला आधी विचारा, आम्ही उशिरा विचारलं.)

व्रण मोठा आहे. सासूबाईंना तिच्या लग्नाची काळजी. जाऊबाई म्हणतात, "पोरगी दुखल्याशिवाय जेवते, मला पुरे."

तपासणी मात्र पुढेही सुटत नाही. थंडी वाजून ताप आला किंवा डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना. तिची पुढची सोनोग्राफी दिवाळीच्या सुट्टीत आहे.