मासळी ओळखणारा माणूस धक्क्यावर हवा



2015च्या जानेवारीत न्यूझीलंड नौदलाच्या गस्तीनौकेने अंटार्क्टिकाजवळ ‘कुनलुन’ नावाच्या जहाजाला गाठले. ते चोरून टूथफिश मासा पकडत होते. नौसैनिकांना त्यावर चढता आले नाही. मार्चमध्ये तेच जहाज नाव बदलून थायलंडच्या फुकेत बंदरात आले. कागदोपत्री माल होता ग्रूपर, म्हणजे आपला हेकरू. शीतगृहात मात्र 182 टन टूथफिश निघाले. भर समुद्रात नौदलाच्या हाती जे लागले नाही, ते धक्क्यावर सापडले.

परदेशी जहाजांच्या चोरट्या मासेमारीला आळा घालण्याचा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय बंदरावर आहे, असे मी ठामपणे म्हणतो. जहाजाला डिझेल लागते, शिधा लागतो, डागडुजी लागते आणि शेवटी मासळी उतरवावीच लागते. अन्न व कृषी संघटनेचा बंदर-राज्य उपाययोजना करार याच गरजांवर बोट ठेवतो. 2009 साली तो संमत झाला, 5 जून 2016 पासून अमलात आला. परदेशी मासेमारी जहाजाने बंदरात शिरण्याआधी परवाने, पकडलेला माल, समुद्रातच दुसऱ्या जहाजावर चढवलेला माल, सगळे कळवायचे. संशय पक्का असेल तर प्रवेश नाकारायचा. आत आल्यावर दोष आढळला, तर ना माल उतरवू द्यायचा, ना इंधन द्यायचे. हिंदी महासागर ट्यूना आयोगाने 2010 साली याच धर्तीचा ठराव केला आणि आपला देश त्या आयोगाचा सदस्य आहे.

पण ही तपासणी करणार कोण? टूथफिश डोके-शेपटी छाटून, पोट साफ करून गोठवलेला येतो. बर्फाने पांढरा पडलेला तो तुकडा आणि कागदावरचे नाव यांचा मेळ बसत नाही, हे ओळखायला कातडी, खवले, मांसाचा पोत हाताळून पाहिलेला माणूस लागतो. जाळ्याच्या छिद्रांचा, म्हणजे आसाचा, आकार मोजायचा, नोंदवहीतल्या तारखा उपग्रहावरून मिळालेल्या मार्गाशी ताडून पाहायच्या, शीतगृहाच्या मापावरून मालाचा अंदाज बांधायचा. शिक्का मारून मोकळे होणाऱ्याचे हे काम नव्हे.

शिवाय पकडलेले जहाज धरून ठेवता आले पाहिजे. ‘कुनलुन’ सप्टेंबरमध्ये त्याच मासळीसकट फुकेतहून पळाले. 2016 साली सेनेगलच्या डाकार बंदरात ते पुन्हा अडवले गेले, तेव्हा त्याचे नाव तिसरेच होते. ‘एसटीएस-50’ या चोरटी मासेमारी करणाऱ्या जहाजाची गोष्टही तशीच. चीनमधून निसटले, मोझांबिकच्या मापुतोतून निसटले, अखेर एप्रिल 2018 मध्ये इंडोनेशियाच्या नौदलाने धरले. एका बंदराने ओळखलेले जहाज दुसऱ्या बंदराला त्याच दिवशी कळले नाही, तर आपली सगळी मेहनत पाण्यात जाते.

हा प्रश्न आपल्या दारातलाही आहे. जून 2019 मध्ये ‘वायू’ चक्रीवादळाच्या वेळी दहा चिनी जहाजांनी रत्नागिरीजवळ आसरा घेतला होता. पावसाळी बंदीमुळे आपल्या होड्या किनाऱ्यावर शाकारलेल्या असताना ही जहाजे समोर दिसली आणि मच्छीमारांच्या मनात चोरट्या मासेमारीची शंका आली. ती शंका रास्त होती आणि तटरक्षक दलाने आसरा दिला तेही योग्यच होते. संकटातल्या जहाजाला मदत नाकारू नये, असे करारही सांगतो. पण ती मदत संकटापुरती असावी आणि आसऱ्याला आलेल्या मासेमारी जहाजाची तपासणी व्हावी, ती कशी झाली हे किनाऱ्यावरच्या लोकांना सांगितलेही जावे.

म्हणून या परिषदेने शासनाकडे एक मागणी ठामपणे मांडावी, अशी माझी विनंती आहे. बंदर तपासनिसाच्या पदावर कोळी, गाबीत, दालदी समाजातल्या शिकलेल्या मुला-मुलींना प्राधान्य द्या आणि त्यांना कायदा, उपग्रह नोंदी व परदेशी मासळीची ओळख यांचे रीतसर प्रशिक्षण द्या. खवल्यावरून मासा सांगणाऱ्या आया-आज्यांच्या हाताखाली ती वाढली आहेत. त्यांच्या हाती अधिकारपत्र द्या, आणि जहाज अडवल्यावर वरून फोन आला तरी त्यांचा अहवाल बदलणार नाही, एवढे संरक्षणही द्या.