‘गोड’ चूक



आपली १९९८ ची दहावीची बॅच. इंग्रजीशी आपली गाठ पडली ती पाचवीत. राज्यात पहिलीपासून इंग्रजी आलं २००० साली, आपण शाळा सोडल्यावर. आपलं इंग्रजी म्हणजे स्पेलिंगं, भाषांतर आणि पाठ केलेले निबंध. व्याकरण पक्कं, पण तोंड बंद.

सहावीतली एक गोष्ट आज कबूल करायची आहे. जिची आहे ती समोरच बसली आहे; तिला विचारूनच सांगते. गणपतीच्या सुट्टीत काय केलं ते इंग्रजीत सांगा, असं बाई म्हणाल्या. सगळ्यांच्या माना खाली. ही एकटी उभी राहिली आणि म्हणाली, “आय गोड टू मामाज हाऊस.” अख्खा वर्ग हसला. बाई रागावल्या, पण तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. ‘गोड मामा’ हे नाव तिला दहावीपर्यंत चिकटलं. तिने पुन्हा हात वर केला नाही. सगळ्यात मोठ्याने हसले होते मी.

पुढे इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी तोंडी परीक्षेत मला ओहमचा नियम विचारला. नियम येत होता. मनात वाक्य जुळवत होते, ‘इज’ म्हणू की ‘आर’? तेवढ्यात पुढचा प्रश्न आला. तिथे कुणी हसलं नव्हतं. पण कुणीतरी हसेल ही भीती मी सहावीतूनच बरोबर नेली होती.

गेल्या जूनपासून दर शनिवारी मी पुण्याहून व्हिडिओ कॉलवर आपल्याच शाळेतल्या आठवीच्या मुलांशी तासभर इंग्रजीत बोलते. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवून दिलं होतं, की प्रश्न विचारल्यावर शिक्षक जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले तर एरवी गप्प राहणारी मुलंही बोलू लागतात. आमच्या मुलांना तर मनात भाषाही बदलायची असते. म्हणून मी मनात दहा अंक मोजते. मुलं आधी शेजाऱ्याशी मराठीत बोलतात, मग त्याच्याशीच इंग्रजीत, आणि मग वर्गासमोर. मध्येच चूक काढायची नाही. बोलून झालं की तेच वाक्य मी नीट करून म्हणते. विषय त्यांच्या घरचा. मिरकरवाड्याचा एक मुलगा उठला, “नेट ब्रेक, फिश गो, फादर नो स्लीप.” मग फाटलं जाळं कसं सांधतात, ते तो दहा मिनिटं सांगत होता. अडला की मराठी शब्द. कुणी हसलं नाही.

आणि एक कळलं. ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, ती लहान मुलंसुद्धा ‘गोड’ म्हणतात. ‘वॉक’चं ‘वॉक्ड’, तर ‘गो’चं ‘गोड’. नियम समजल्याची ती खूण. म्हणजे त्या दिवशी आपल्या वर्गात स्वतःच्या डोक्याने बोलणारी ती एकटीच होती.

काल रात्री मी तिची माफी मागितली. “अगं, विसरले मी कधीच,” म्हणाली. तिची मुलगी माझ्या शनिवारच्या तासाला शेवटच्या बाकावर बसते. अजून बोललेली नाही. मी थांबले आहे.

तुमच्यापैकी कुणाला शनिवारचा तास देता आला तर जरूर या. इंग्रजी फाडफाड यायला हवं असं नाही. न हसता थांबता आलं की झालं.